सोमवार ते शनिवारचा विश्वास: पाळी, पगार, प्रसाद आणि तरुण संघ (नाशिक)

शरणपूर_रोड (धागाकर्ता)

सर्वांना सलाम. मंडळीतल्या (चर्चमधल्या) तरुण संघाचं काम बघणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. प्रवचन नको, कामाचं बोलूया.

नाशिकच्या कुठल्याही मंडळीत तरुणांची यादी काढा. अर्धेअधिक सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या एमआयडीसीत पाळीवर असतात. उरलेल्यांत नर्सिंगच्या मुली, गंगापूर रोडच्या अभ्यासिकेत दिवस काढणारे स्पर्धा परीक्षावाले आणि घरची शेती बघणारे. या सगळ्यांना आपण एकच सल्ला देतो, 'पहाटे उठून तासभर मनन करा.' तिसऱ्या पाळीचा मुलगा पहाटे लेथवर उभा असतो. दोन आठवड्यांत त्याचं मनन सुटतं, मग त्याला अपराधी वाटतं, आणि तिसऱ्या आठवड्यात तो संघालाही येत नाही. कारण वेळापत्रकाचं असतं, आपण मात्र ते त्याच्या भक्तीच्या खात्यावर मांडतो.

बायबलात, मार्क १:३५ मध्ये प्रभू येशू पहाटे एकांतात गेला हे खरं. पण दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा, आणि स्तोत्र ५५:१७ मध्ये संध्याकाळ, सकाळ, दुपार असा क्रम आहे. शास्त्रात घड्याळ एकच नाही.

माझ्या मते चालण्यासारखी पद्धत अशी. वेळ ठरवू नका, खूण ठरवा. खूण म्हणजे पाळी कुठलीही असली तरी रोज होतेच अशी गोष्ट: डबा उघडणं, कंपनीच्या बसमध्ये बसणं, ड्यूटीवरून आल्यावर बूट काढणं. त्या खुणेला दहा मिनिटं जोडायची. पहिलं मिनिट गप्प, फोन उलटा. पाच मिनिटं वाचन, फार तर एक अध्याय. दोन मिनिटं एकाच प्रश्नावर: यातलं आज मला नेमकं कुठे लागू आहे? शेवटची दोन मिनिटं प्रार्थना, त्यातही एक नाव दुसऱ्याचं.

काय वाचायचं? उत्पत्तीपासून, म्हणजे शास्त्राच्या पहिल्या पुस्तकापासून, सुरू करू नका. उत्पत्ती छान जातं, निर्गमाच्या पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडपाची (देवाच्या पवित्र तंबूची) मापं सुरू होतात, आणि लेवीयात गाडी रुतते. आधी मार्क (१६ अध्याय), मग याकोबाचं पत्र (५), मग फिलिप्पैकरांस (४). रोज एक धरला तर पंचवीस दिवस. त्यानंतर नवा करार: २६० अध्याय, आठवड्याला पाच, बरोबर बावन्न आठवडे. दोन दिवस मोकळे राहतात ते मुद्दाम, डबल ड्यूटी लागली की तिथे भरून काढायचं. संपूर्ण शास्त्र वर्षात म्हणजे ११८९ अध्याय, रोज तीन-चार. पाळीवाल्याला हे पहिल्या वर्षी देऊ नये.

आणि ज्याला दहा मिनिटंही नाहीत त्याला नहेम्या २:४ दाखवा. राजा विचारतो, 'तुझी विनंती काय?' नहेम्या देवाची प्रार्थना करतो आणि पुढच्याच वचनात राजाला उत्तर देतो. मधल्या वेळात एखादं वाक्य मावलं असेल तेवढंच.

---

पाळी_तिसरी

खुणेचं पटलं. एक भर घालतो. रात्रपाळीवाल्याने झोपायच्या आधी वाचू नये, डोळे मिटतात. उठल्यावर, म्हणजे दुपारी दोन-तीनला, चहाच्या आधी वाचावं. पाळी दर आठवड्याला फिरते, त्यामुळे 'उठल्यावर' ही खूण चालते, 'दुपारी अडीच' चालत नाही.

फोनवर वाचणाऱ्यांनी अ‍ॅप उघडण्याआधी इंटरनेट बंद करावं. उतरवून घेतलेलं मराठी शास्त्र नेटशिवाय चालतं. नाहीतर याकोबाच्या दुसऱ्या अध्यायात वरून क्रिकेटचा स्कोअर उतरतो.

---

नाशिकरोडची_मार्था

कॅथलिक बाजूने थोडं. आमच्याकडे तयार साचा आहे, पण तरुणांना तो 'आजीचा' वाटतो. पूर्ण रोझरीला (जपमाळेच्या प्रार्थनेला) पंधरा-वीस मिनिटं लागतात, पण एक दशक म्हणजे एक 'हे आमच्या स्वर्गीय बापा', दहा 'नमो मरिया' आणि शेवटी त्रैक्याची स्तुती. तीन-चार मिनिटांचं काम. नाशिकरोड ते द्वारका सिटी बसने जाताना दोन दशकं सहज होतात, ट्रॅफिक लागलं तर पाचही. बोटांवर मोजलं तरी चालतं, गाडीत माळ बाहेर काढायलाच हवी असं नाही.

दुसरं, रात्रीची तपासणी. संत इग्नाती लोयोला यांच्या पद्धतीत पाच पायऱ्या आहेत: आजच्या दिवसाबद्दल आभार, पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागणं, सकाळपासून दिवस क्रमाने आठवणं, चुकलं तिथे क्षमा, उद्यासाठी एक ठराव. बिघडतं ते बहुतेक वेळा पहिल्या पायरीवर. आभार गाळून मुलं सरळ चुकांच्या यादीवर जातात आणि आठवड्याभरात हा प्रकार नकोसा होतो. आभारात नेमकं काही हवं. 'सगळ्याबद्दल धन्यवाद' चालणार नाही. 'लाइट गेल्यावर शेजारच्या काकूंनी पाण्याचा हंडा भरून दिला' हे चालेल.

---

ओझरकर

वाचन-प्रार्थना ठीक, पण धाग्याच्या नावात सोमवार आहे, त्यामुळे कामावर येतो.

लूक ३:१०-१४ काढा. लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, 'आम्ही काय करावं?' तो कोणालाही धंदा सोडायला सांगत नाही. दोन अंगरखे असतील तर एक द्या. जकातदारांना सांगतो, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना सांगतो, जुलमाने पैसे काढू नका, खोटा आरोप करू नका, पगारात समाधान माना. प्रत्येकाला त्याच्याच टेबलावरचं उत्तर. तरुण संघात हा उतारा घेतला की प्रत्येकाला आपापल्या कामातली एक ओळ लिहायला सांगावी. नुसतं 'प्रामाणिक राहा' कोणी लिहिलं तर परत द्यायचं.

एमआयडीसीतली नेहमीची चार ठिकाणं:

क्वालिटीचं शीट. दर तासाला पाच नग व्हर्नियरने मोजून आकडे भरायचे असतात. लाइन मागे पडली की 'भरून टाक' असा निरोप येतो आणि आठ तासांचं शीट शेवटच्या दहा मिनिटांत एका हाताने, एकाच पेनने भरलं जातं. सगळी रीडिंग मध्यावर, फरक शून्य. ऑडिटरला ते दिसतंच, पण तो मुद्दा नाही. मत्तय ५:३७, तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही. न मोजलेला आकडा म्हणजे सहीनिशी खोटं. करायचं काय? जे मोजलं तेच लिहा. राहिलेल्या रकान्यात रेघ मारा आणि 'मोजले नाही' लिहा. सुपरवायझरला शीट जमा करायच्या आधी सांगा, नंतर नाही. आणि सांगताना उपायासकट सांगा: 'पुढच्या तासाला पाच नग मोजतो, दोन मिनिटं लाइन सांभाळायला कोणी द्या.'

दुसऱ्याची हजेरी लावणं. आता बोटाचा ठसा किंवा चेहरा लागतो म्हणून कमी झालंय, पण कंत्राटी कामगारांच्या वहीत अजून चालतं.

ओव्हरटाइम. काम पाच वाजता संपतं, पंच सातला होतो.

पेट्रोलची आणि जेवणाची बिलं. सेल्सवाल्यांना जास्त सांगायला नको.

यात बिघडतं कुठे? मुलगा खरा वागायला लागतो आणि लगेच लाइनवर उपदेश सुरू करतो. बाकीचे चिडतात, मग छळ होतो आणि तो म्हणतो, 'ख्रिस्तासाठी सोसतोय.' बऱ्याचदा ते सोसणं ख्रिस्तासाठी नसतं, जिभेमुळे असतं. आपलं शीट खरं ठेवा, शेजारच्याचं शीट तपासायला जाऊ नका. अपवाद एकच: सुरक्षेचा. प्रेसचा गार्ड काढून काम चाललं असेल तर बोलायलाच हवं, तिथे हात जातो.

---

गृहपाठ

ओझरकर, उत्तम. अवांतर वाटेल पण नाशिकपुरतं अवांतर नाही: १८५४ साली मिशनऱ्यांची शरणपूरची वसाहत उभी राहिली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे वाढली, त्यांना अक्षरांबरोबर सुतारकाम-लोहारकाम शिकवलं जायचं. त्यातलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणारा मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या शेवटच्या प्रवासात होता. लिव्हिंगस्टन वारल्यावर आफ्रिकेत अंत्यविधीची प्रार्थना त्याने वाचली, आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता. शास्त्र आणि हत्यार एकाच आवारात शिकवण्याची रीत या गावाला नवी नाही. तरुण संघात हा इतिहास सांगितला की मुलांना शरणपूर रोड म्हणजे फक्त दुकानांचा रस्ता वाटत नाही.

---

अंबड_लिंक

सरळ प्रश्न. खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा असते. आपली मुलं काय करतात? आणि प्रसाद? गणपतीची वर्गणी? दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात संघात हाच वाद होतो आणि उत्तर न निघता चहा होतो.

---

शरणपूर_रोड

तिन्ही वेगळे प्रश्न आहेत, एकत्र सोडवायला गेलं की गुंता होतो.

मशीन. मशीन पुसणं, तेल-पाणी करणं, परिसर झाडणं हे कामच आहे, मनापासून करा. हळदकुंकू-हार कोणी घालायचा हे सुपरवायझरशी आठवडाभर आधी बोला. आयत्या वेळी सगळ्यांसमोर 'मी करणार नाही' म्हटलं की तो अपमान होतो. आधी एकट्याने सांगितलं की शंभरातले नव्वद सुपरवायझर म्हणतात, 'बरं, तू नारळ-पेढे आणायला जा.' नंतर सगळ्यांबरोबर बसून नाश्ता करा, पळून जाऊ नका.

प्रसाद. १ करिंथ ८ आणि १० दोन्ही वाचा, एकच वाचलं की एकांगी होतं. आठव्यात पौल म्हणतो, मूर्ती काही नाही, पण तुझ्या खाण्याने दुबळ्या भावाला ठेच लागत असेल तर थांब. दहाव्यात म्हणतो, बाजारात विकतं ते विचारपूस न करता खा, पण 'हे अर्पण केलेलं आहे' असं कोणी सांगितलं तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नको. यावरून मी न खाण्याच्या बाजूचा आहे. पण नाकारायची रीत असते. दोन्ही हात पुढे करून घ्यावा, आभार मानावेत, आणि जो खातो त्याला द्यावा. तोंड वाकडं करणं शास्त्रात कुठेच सांगितलेलं नाही.

वर्गणी. ती मंडळाच्या रक्तदान शिबिराला किंवा वह्यावाटपाला द्या आणि पावतीवर तसं लिहून घ्या. बहुतेक मंडळं आनंदाने लिहून देतात.

---

देवळाली_कॅम्प

प्रसादाबद्दल असहमत. २ राजे ५:१८ बघा. अरामी सेनापती नामान कुष्ठरोगातून बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, याची देवाने मला क्षमा करावी. संदेष्टा त्याला झापत नाही, 'शांतीने जा' म्हणतो. दहा बाय दहाच्या खोलीत चार जण मिळून राहतात तिथे रूममेटने दिलेला पेढा परत करणं हा मैत्रीवरचा घाव असतो. ज्याच्या मनाला टोचत नाही त्याने खावा.

---

शरणपूर_रोड

नामान स्वतः क्षमा मागतोय हे विसरू नका. त्याला ते खटकत होतं. शिवाय तो एकटा होता, त्याच्या मागे नुकता विश्वासात आलेला कोणी बघत नव्हता. आपल्या संघात तसे असतात. त्यांच्यासाठी तरी थांबावं असं माझं मत कायम.

---

नाशिकरोडची_मार्था

रोमकरांस १४ या भांडणासाठीच लिहिलंय: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. संघात दोन्ही मतं राहू द्या. फक्त एक नियम करा: कोणी काय खाल्लं याचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही.

---

निफाडी

शहराबाहेरचं कोणी लिहीत नाहीये म्हणून लिहितो. दिंडोरी-निफाडकडच्या ज्या विश्वासी घरांत द्राक्षबाग आहे तिथल्या तरुणांनी लेवीय १९ वाचावं. वर लेवीयाला बरीच नावं ठेवलीत, पण बागाईतदारासाठी तेच पुस्तक कामाचं. नववं-दहावं वचन: शेताचे कोपरे पुरते कापू नका, द्राक्षमळ्यातले गळालेले मणी वेचू नका, ते गरिबाला आणि परक्याला ठेवा. तेरावं: मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका. अनुवादाचं पुस्तक (२४:१५) तेच सांगतं, सूर्य मावळायच्या आत द्या, कारण त्याचा जीव त्यात गुंतलेला असतो.

आता आजची बाग. विरळणीला, डिपिंगला (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवायला), काढणीला पेठ-सुरगाणा-हरसूलकडून टोळ्या येतात. उचल आधी दिलेली असते, काम रोजाने किंवा उक्तं. भानगड इथे होते: उचलीचा हिशोब मालकाच्या वहीत असतो, मजुराकडे काहीच नसतं. उपाय सोपा. दोन वह्या ठेवायच्या, दर शनिवारी दोन्हींत एकाच वेळी हजेरी, दिलेले पैसे आणि बाकी लिहायची, शेजारी अंगठा किंवा सही. उक्त्या कामात एकर की ओळी, हे आधी ठरवून लिहायचं. औषध फवारल्यावर त्या प्लॉटमध्ये मजुरांना कधी सोडायचं, हे लेबलवर बघून ठरवायचं. व्यापाऱ्याने पैसे थकवले म्हणून मजुरीही थकवली, हे कारण याकोब ५:४ पुढे टिकत नाही. कापणी करणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते, असं तिथे लिहिलंय.

आणि वजन. नीतिसूत्रे ११:१, खोटा तराजू परमेश्वराला वीट आणतो. टोमॅटो असो की द्राक्ष, रिकामी जाळी आधी काट्यावर ठेवून तिचं वजन वजा करा, अंदाजाने धरू नका. काटा दर वेळी शून्यावर आणा. वरचे चार घड चांगले आणि खाली दुखावलेले, याला मी तरी तराजूतलंच पाप म्हणेन.

---

पाळी_तिसरी

पहिल्या पगाराच्या मुलांना दशांश (कमाईचा दहावा भाग देवाच्या कामाला देणं) कसा सांगता? सगळ्या पगारावर की हातात येणाऱ्यावर?

---

ओझरकर

हातात येणाऱ्यावर धरला तरी आकाश कोसळत नाही. अठरा हजार हातात येत असतील तर अठराशे. ते एकदम झेपत नसेल तर तीन टक्क्यांनी, म्हणजे ५४० रुपयांनी सुरू करावं आणि दर वेतनवाढीला एक टक्का वाढवावा. १ करिंथ १६:२ ची रीत चांगली: आधी बाजूला काढून ठेवा, उरलं तर देऊ असं नको. पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात वळवा.

दोन गोष्टी मात्र ठामपणे सांगाव्यात. हप्ता थकवून किंवा अ‍ॅपवरून कर्ज काढून दशांश द्यायचा नाही. आणि मार्क ७:११ मधलं 'कुर्बान': देवाला दिलं म्हणून आईबापाला द्यायचं टाळणं प्रभूला मान्य नव्हतं. घरी वडिलांचं औषध थांबलेलं असताना मंडळीत स्पीकरसाठी देणगी देणाऱ्याला पाळकांनी परत पाठवायला हवं.

संघाची मदतपेटी असेल तर दोन जणांनी मिळून मोजायची, त्याच दिवशी बँकेत टाकायची, दर महिन्याला हिशोब फलकावर लावायचा. कोणाला मदत दिली ते नाव फलकावर नको, रक्कम पुरे.

---

नर्सिंग_हॉस्टेल

प्रार्थना-विनंत्यांबद्दल लिहायचं होतं. 'अमुक बहिणीसाठी प्रार्थना करा, तिचं लग्न मोडलंय' असा मेसेज दोनशे जणांच्या ग्रुपवर जातो. ही चुगली आहे, खाली 'आमेन' आलं म्हणून ती प्रार्थना होत नाही. नियम असावा: ज्याची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय नाव, आजार, गाव काहीच नाही. आजार सांगायचाच तर 'तब्येतीसाठी' एवढंच.

अठरा वर्षांखालची मुलं संघात असतील तर आणखी काटेकोर राहा. एकटा पुढारी आणि एकटं मूल बंद दाराआड नको, दोन मोठी माणसं आणि उघडं दार. रात्री खासगी चॅट नको. सहलीला पालकांची लेखी परवानगी. लैंगिक अत्याचाराचं काही कानावर आलं तर ते 'मंडळीत मिटवायचं' नसतं: २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. मुलांची हेल्पलाइन १०९८.

आणि कोणी 'जगावंसं वाटत नाही' म्हणालं तर वचन फेकू नका. सरळ विचारा, 'जीव द्यायचा विचार येतोय का?' विचारल्याने तो विचार वाढत नाही. एकटं सोडू नका, घरच्या एका माणसाला बोलवा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावून द्या, धोका समोर दिसत असेल तर थेट दवाखान्यात न्या. बागायती घर असेल तर त्याच दिवशी फवारणीची औषधं कुलपात टाका आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. प्रार्थना करा, पण त्याच्याजवळ बसून.

---

अंबड_लिंक

बरीच उत्तरं मिळाली. मशीनचं पुढच्या संघात मांडतो. शेवटचा प्रश्न: एवढं सगळं घ्यायला सभा किती वेळाची ठेवायची? आमच्याकडे अडीच तास चालते आणि मागची रांग झोपते.

---

शरणपूर_रोड

प्रेषितांची कृत्ये २०:९. पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख झोपून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. तिथे पौल होता म्हणून निभावलं.

सव्वा तास पुरे. दोन गीतं दहा मिनिटं, उतारा आणि पंधरा मिनिटं बोलणं, मग चार-चारच्या गटात अर्धा तास, वीस मिनिटं प्रार्थना आणि सूचना. चहा वेळेबाहेर. गट पाळीप्रमाणे पाडा: तिसरी पाळीवाले एकत्र बसले की त्यांचे प्रश्न सारखे निघतात. सभा महिन्यातून एकदा रविवारी दुपारी चारला आणि एकदा सकाळी उपासनेनंतर ठेवा, म्हणजे कुठल्याच पाळीचा महिनाभर खाडा होत नाही. २०२७ चा भस्म बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, १० फेब्रुवारीला आहे. त्या सुमारास बाळ येशूची यात्रा, बोर्डाच्या परीक्षा आणि द्राक्षकाढणी एकत्र येतात, तेव्हा उपवासकाळाचं वेळापत्रक डिसेंबरातच लावून टाका. कंपन्यांचे पाळीचे तक्ते मुलांकडून फोटो काढून मागवा, तोंडी विचारू नका, हमखास चुकीचे सांगतात.